पूर्वपक्षावर सही

पहिला मसुदा मी पाऊण तासात लिहून काढला. इतका झकास उतरला होता की मीच दोनदा मोठ्यानं वाचला आणि स्वतःवर खूश झाले. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलंय. कुणाची कशी जिरवायची, हे मला विरामचिन्हांसकट येतं.

तीन दिवसांनी तो मसुदा परत आला. माझी भावजय छाया तो घेऊन आली, स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला आणि कपाळ पुसत उभी राहिली. कागदाच्या तळाशी माझ्या धाकट्या भावाच्या, सर्जेरावच्या, अक्षरात एकच ओळ होती: ‘यात मी मूर्ख आहे. मी मूर्ख नाही. परत लिही.’

“एवढंच?”

“एवढंच, वन्सं. पण ते लिहायला अर्धा तास बसले होते.”

“बसणारच. शाळेतही एका वाक्याला अर्धा तास लागायचा त्याला.”

छाया हसली नाही. आम्ही बहीणभाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो आणि सगळे निरोप तिच्या पायांनी जात-येत होते. तिलाही आता त्याचा वीट आला असणार.

हे प्रकरण काय ते आधी सांगते. आमचं गाव हिरडेवाडी, महाबळेश्वरच्या पलीकडच्या खोऱ्यात. अर्धं गाव मधमाश्या पाळतं, अर्धं स्ट्रॉबेरी लावतं. माझ्याकडे सातेरी माश्यांच्या वीस पेट्या आहेत. दोन वर्षांपूर्वी बावीस होत्या. सर्जेरावची तीस गुंठे स्ट्रॉबेरी. मी मधपाळ संघाची चिटणीस आणि तो स्ट्रॉबेरी संघाचा. आणि आमच्या दोन संघांच्या मध्ये उभं होतं ते यंत्र, त्याला सगळे ‘नाचरी’ म्हणतात.

नाचरी समजायची तर आधी माशी समजली पाहिजे. एखाद्या माशीला कुठे फुलोरा सापडला की ती पेटीत येऊन पोळ्यावर नाचते. पेटीत काळोख असतो, त्यामुळे बाकीच्या माश्या तिला बघत नाहीत, तिच्या अंगाला अंग लावून तो नाच समजून घेतात. ती पोट हलवत एका सरळ रेषेत चालते, वळते, पुन्हा तीच रेषा. ही रेषा सरळ वरच्या दिशेनं असेल तर फुलं सूर्याच्या दिशेला. रेषा उजवीकडे कलली असेल तर सूर्याच्या तितकंच उजवीकडे. आणि पोट हलवत जितका जास्त वेळ चालेल तितकं अंतर लांब. झाला पत्ता! माणसाला पत्ता सांगायला खुणेचं झाड, पिठाची गिरणी आणि तीन चौकश्या लागतात.

नाचरी म्हणजे एका बारीक काडीच्या टोकावर बसवलेली माशीएवढी यंत्राची माशी. तिला त्याच पेटीतलं मेण फासतात, म्हणजे वास घरचा येतो. ती पंख थरथरवते, पोट हलवते, मध्येच साखरपाण्याचा थेंबही देते. तिला शेताचा पत्ता भरून द्यायचा. सूर्य सरकेल तशी ती स्वतःच रेषा फिरवते आणि माश्या निघतात थेट तुमच्या शेतावर. शोध मोठा होता, मी नाही म्हणत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीही पेटीला नाक लावून बसले होते.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मी आठ दिवस साताऱ्याला होते. त्या आधी सर्जेरावनं माझ्याकडे पेट्या मागितल्या होत्या आणि मी दिल्या नव्हत्या. स्ट्रॉबेरीच्या फुलात मध तो किती, माश्यांचं पोट कशानं भरायचं? तर मी नाही म्हटलं. मी दवाखान्यात असताना त्यानं माझ्या दोन पेट्यांत, मला न विचारता, नाचरी बसवली. त्याच दिवशी त्याच्या शेताला लागून असलेल्या शेजाऱ्यानं फवारणी केली. मी पोटाला टाके घेऊन परत आले तेव्हा दोन्ही पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा थर होता. त्यातली एक आबांची पेटी. आमच्या वडलांनी ऐनाच्या झाडाच्या ढोलीतून आणलेली पहिली वसाहत, तिचाच वंश अठ्ठेचाळीस वर्षं चालत आला होता. मी तिथे पायरीवर बसून रडले, आणि मला रडताना बघून हा म्हणतो काय, “फवारणी शेजाऱ्याची, आक्का. यंत्राचा काय दोष? माश्या आपल्या आपण गेल्याच असत्या की तिकडं.”

चुकलं, असा एक शब्द नाही. त्या दिवसापासून मी त्याचं तोंड बघितलं नाही. दोन भाऊबिजा कोरड्या गेल्या. तक्रार मात्र केली नाही. घरातलं भांडण चावडीवर नेऊ नये, असं आई सांगायची.

आणि या जानेवारीत राज्याच्या परागण मंडळाची नोटीस आली. नाचरीला सरसकट परवानगी द्यायची का, यावर सुनावणी. परवानगी मिळाली तर पुढच्या हंगामापासून स्ट्रॉबेरीच्या शेतापासून दोन किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक पेटीत यंत्र बसवणं सक्तीचं. माझ्या वीसच्या वीस पेट्या त्या दोन किलोमीटरांत येतात. नोटिशीत खाली बारीक अक्षरात आणखी एक कलम होतं: आजवर कुणी दुसऱ्याच्या पेटीत बिनपरवानगी यंत्र ठेवल्याचं सिद्ध झालं, तर त्याला तीन हंगाम यंत्र वापरता येणार नाही. ते कलम मी दोनदा वाचलं आणि कागद घडी करून ठेवला.

मंडळाला हवं होतं भूमिकापत्र. पूर्वी हरकती मागवल्या की शेदोनशे कागद यायचे. आता संगणकाला नुसतं ‘बंदीच्या बाजूनं’ म्हटलं की तो दोन मिनिटांत चाळीस पानं ओकतो, आकडे-तक्त्यांसकट. मागे एका धरणाच्या प्रश्नावर नव्वद हजार भूमिकापत्रं आली म्हणे, आणि ती वाचायलाही पुन्हा संगणकच बसवला. म्हणजे यंत्रानं लिहायचं, यंत्रानं वाचायचं, आणि माणसानं निकालाची वाट बघत बसायचं! तेव्हा मंडळातल्या कुणातरी शहाण्यानं जुन्या शास्त्र्यांची रीत उकरून काढली. पत्र दोनच पानांचं, हातानं लिहिलेलं. पहिल्या पानावर पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं. दुसऱ्या पानावर आपलं. आणि पहिल्या पानाखाली समोरच्या बाजूच्या चिटणिसाची सही पाहिजे, ठरलेल्या वाक्याखाली: ‘माझं म्हणणं मला याहून चांगलं मांडता आलं नसतं.’ सही नसेल तर पत्र बाद.

मला हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. माझ्या पत्रावर सर्जेरावची सही लागणार आणि त्याच्या पत्रावर माझी.

“मग चांगलंच की,” आमचे अध्यक्ष गेनूकाका ढेबे म्हणाले. पंच्याहत्तरीचा माणूस, अजून झाडावर चढतो. “बाई, तुम्ही लिवा. झणझणीत लिवा.”

“झणझणीत लिहून चालत नाही काका. त्याला पटेल असं लिहायचंय.”

“त्याला पटंल असं? मग आपण कशाला लिवायचं, त्यालाच लिवू द्या की!”

दुसरा मसुदा मी सभ्यपणे लिहिला. स्ट्रॉबेरीचं उत्पन्न, रोजगार, परागणाची निकड, सगळं आलं. तोही परत आला. खाली ओळ: ‘आता मी मूर्ख नाही. पण मला कशाची भीती आहे ते यात कुठंच नाही.’

मी चिडले, अर्थातच. पण चिडून झाल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. भीती? त्याला? लहानपणी पावसात वीज कडाडली की ‘मला भ्या वाटतंय’ म्हणत माझ्या पांघरुणात शिरायचा, ती शेवटची भीती मला ठाऊक होती.

“छाया,” मी विचारलं, “कशाला भितो गं तो?”

“इथं बसून कसं कळंल? उद्या ते बाजाराला जाणारेत. शेतावर या.”

गेले. दोन वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. गादीवाफे, त्यावर काळा कागद, छान हिरवी रोपं, पांढरी फुलं. लांबून बघितलं तर दृष्ट लागावी. छायानं एक टोपली पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, “ही बघा.” फळं लाल होती पण वेडीवाकडी, एका अंगानं फुगलेली आणि दुसऱ्या अंगानं आखडून घट्ट झालेली.

मी मास्तरीण, मला कारण माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि टोपलीत बघणं वेगळं. स्ट्रॉबेरीच्या अंगावर बाहेरून जे बारीक दाणे दिसतात, त्यातला प्रत्येक दाणा म्हणजे एक स्वतंत्र बी. प्रत्येक दाण्याला स्वतःचा परागकण मिळावा लागतो. ज्याला मिळाला त्याच्याभोवतीचा गर फुगतो, ज्याला नाही मिळाला तिथे फळ तसंच मिटून राहतं. एका फुलावर माश्या दहा-पंधरा वेळा बसल्या तर कुठे फळ चौफेर भरतं. वाकडं फळ बाजारात कोण घेणार? जामवाला घेतो, तोही उपकार केल्यासारखा.

दोन वाफ्यांमध्ये तीन बाया बसल्या होत्या, हातात बारीक ब्रश. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. माश्यांचं काम हातानं चाललं होतं.

“मी पण करते,” छाया म्हणाली. “दिवसाला हजारबाराशे फुलं होतात. मग रात्री पाठ अंथरुणाला टेकवत नाही. रानमाश्याच राहिल्या नाहीत वन्सं. आधी बांधावर झुडपं होती, त्यात असायच्या. आम्हीच काढली झुडपं. आता पेटीशिवाय गती नाही, आणि पेटी तुम्ही देत नाही.”

‘तुम्ही’ म्हणजे मधपाळ की मी, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मी बांधावर बसले आणि समोरच्या एका वाफ्यावर किती माश्या येतात ते मोजायला लागले. सवय आहे, मोजल्याशिवाय मला कळत नाही. ऊन चढत गेलं. तास होत आला असेल, तेवढ्यात मागून आवाज आला.

“काय करतीस?”

बाजार लवकर उरकला होता. दोन वर्षांत केसांत पांढरं शिरलं होतं त्याच्या. मी मान वळवून पुन्हा वाफ्याकडे केली.

“मोजतेय.”

“किती?”

“चार.”

“काल मी मोजल्या तवा तीन होत्या.”

तो बांधाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये आठदहा हात जागा. आम्ही दोघंही समोरच्या वाफ्यावर माश्या मोजत होतो. पाचवी माशी आली तेव्हा दोघांनी एकदमच “पाच” म्हटलं, आणि मला हसू आलं ते मी खोकल्यात घालवलं.

तिसरा मसुदा मी तिथेच, मांडीवरच्या वहीत मंडळाचा छापील कागद ठेवून, त्यावरच लिहिला. ‘आमच्या बांधावरची झुडपं आम्हीच काढली, ही आमची चूक आहे. आज आमच्या फुलांना माशी मिळत नाही. आमच्या घरातल्या बायका कंबर मोडेपर्यंत हातानं परागण करतात. आम्ही मधपाळांकडे पेट्या मागितल्या, त्यांनी दिल्या नाहीत. स्ट्रॉबेरी गेली तर या खोऱ्यात आमची मुलं राहणार नाहीत, आणि मग बोलायला तरी कोण उरेल? आम्हाला याची भीती आहे.’ ‘त्यांनी दिल्या नाहीत’ लिहिताना पेन जरा अडलं, पण लिहिलं. खरं होतं.

त्यानं ते वाचलं. ओठ हलवत वाचतो तो, लहानपणापासून. मग खिशातून पेन काढलं आणि ठरलेल्या वाक्याखाली सही केली. माझं काम झालं होतं. दुसऱ्या पानावरची बंदीची मागणी मी आधीच लिहून ठेवली होती.

“तुझं कुठवर आलं?” मी विचारलं.

“अडलंय. तुझी बाजू लिहायची म्हंजी... तू म्हणतीस, माश्यांना कळतं. काय कळतं, ते तर लिहायला पाहिजे ना?”

“तुला आठवत नाही? आबा पेटीला कान लावून म्हणायचे, आज टोकाटोकी चाललीय, गांधीलमाशी फिरतीय वाटतं.”

“ते आबा उगं म्हणायचे.”

“उगं नाही. शास्त्रज्ञांनीही मोजलंय ते. एखादी माशी फुलावर जाऊन संकटात सापडली आणि कशीबशी परत आली, की ती नाचणाऱ्या माशीला गाठते, डोक्यानं ढुशी देते आणि एक बारीक ‘पीप्’ करते. पापणी लवते न लवते तेवढा वेळ. थांब, तिकडे पाठवू नकोस, असं. अशा पाच-सहा ढुश्या बसल्या की नाचणारी नाच थांबवते. तिचा पत्ता बरोबर असला तरी थांबवते.”

सर्जेराव माझ्याकडे वळला.

“आवाज असतो त्याला?”

“असतो की. बारीक असतो. पण असतो.”

तो उठला, चपला झटकल्या आणि शेडकडे चालता झाला. जातो नाही, येतो नाही, काही नाही. छाया माझ्याकडे बघून हात उडवत म्हणाली, “आता काय झालं?” मला काय ठाऊक! पुन्हा बिनसलं असंच मी धरून चालले.

चार दिवस त्याच्याकडून काहीच आलं नाही. पत्रं द्यायची शेवटची तारीख उद्यावर आली. गेनूकाका खुशीत होते.

“बाई, त्यानं पत्र आणलं न्हाय तर?”

“तर त्यांच्या संघाचं पत्र नाही.”

“आन् आणलं, पर तुम्ही सही केली न्हाय तर?”

काका जवळ सरकले. “तरीबी न्हाय. बाद! आपलंच एक पत्र मंडळापुढं. नियम त्यांचा, हात आपला. तुमच्या वीस पेट्या वाचत्यात, माझ्या चाळीस वाचत्यात. नुसतं म्हणायचं, न्हाय बा, माझं म्हणणं हे न्हवं.”

खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं. दोन वर्षं जिची वाट बघितली ती संधी चालत दारात आली होती, आणि त्यासाठी मला काहीच करावं लागणार नव्हतं, फक्त पेन उचलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सर्जेराव स्वतः आला. छायाला न पाठवता. एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात छोटा स्पीकर. दाढी वाढलेली. मी चहा टाकला, कारण दारात आलेल्याला चहा टाकायचाच असतो, वैरी असला तरी.

“आक्का, नाचरीच्या पोटात मायक्रोफोन असतो,” तो उभ्यानंच म्हणाला. “पंखांचा आवाज बरोबर निघतोय का ते तपासायला. सगळं साठून राहतं त्यात, दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचंही. मी कधी ऐकलंच नव्हतं. मला काय कारण होतं? आता तुझी बाजू लिहायची म्हणून ऐकलं.”

त्यानं स्पीकर ओट्यावर ठेवून चालू केला. आधी पेटीची घोंघों, मी झोपेतही ओळखीन अशी. त्यात यंत्राचं ठरावीक लयीतलं थरथरणं. मग एक टिचकीसारखा आवाज आणि त्याला लागूनच, ‘पीप्’.

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला.

‘पीप्.’ थोड्या वेळानं दोन, लागोपाठ. मग खूप. ढुश्या बसत होत्या त्या यंत्राच्या काडीला, माझ्या माश्यांच्या डोक्यांच्या. विष अंगावर घेऊन परत आलेल्या, आणि मरायच्या आधी धडपडत आत येऊन सांगत होत्या, थांब. आणि यंत्र त्याच लयीत नाचत होतं, एका ठोक्याचाही फरक न करता. त्याला पाय होते, पंख होते, पत्ता होता. कान तेवढे कुणी दिले नव्हते.

“अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिली,” सर्जेराव म्हणाला. “दोन वाजेपर्यंत दोनशे चौदा. मी चार दिवस मोजतोय. खरी माशी असती तर सव्वाअकराला थांबली असती. वीसपंचवीस माश्यांवर निभावलं असतं. त्यांनी सांगितलं होतं, आक्का. यंत्रानं ऐकलं नाही आन् मी तुला म्हणालो...”

वाक्य तिथेच सोडून त्यानं कागद पुढे केला. मी त्याच्या हातातला कागद घेतला.

पूर्वपक्ष, म्हणजे माझी बाजू, त्याच्या वळणदार नसलेल्या अक्षरात. ‘मधमाशी फक्त पत्ता सांगत नाही, ती पत्ता खोडतेही. आमच्या माश्यांची भाषा दोन बाजूंची आहे. यंत्राला त्यातली एकच येते. ज्याला थांब म्हटलेलं ऐकू येत नाही, त्याला जा म्हणण्याचा अधिकार नाही. पुरावा: १४ डिसेंबर रोजी आक्काच्या पेटीत यंत्राला दोनशे चौदा वेळा थांब म्हणून सांगितलं गेलं. ध्वनिफीत जोडली आहे. ते यंत्र तिला न विचारता मी ठेवलं होतं. दोन्ही वसाहती मेल्या. त्यातली एक आमच्या वडलांची होती.’

मी दुसरं पान उलटलं. तिथे त्याची बाजू होती, आणि ती बदललेली नव्हती: परवानगी द्यावी, पण ढुशी आणि आवाज ओळखून थांबणाऱ्या यंत्रालाच. मला ते अजूनही पटत नाही. कान बसवले तरी ते ऐकेल कशावरून? पण तो वाद दुसऱ्या पानाचा.

“सर्जा,” मी म्हटलं. दोन वर्षांनी तोंडातून नाव निघालं. “ते बारीक अक्षरातलं कलम वाचलंयस ना? ‘मी ठेवलं होतं’ असं लिहिलंस तर तीन हंगाम तुला यंत्र नाही. कसलंच नाही. कानवालंही नाही.”

“वाचलंय.”

“मग हे एक वाक्य काढ. बाकीचं पुरेसं आहे. ध्वनिफीत आहे, आकडा आहे. यंत्र कुणी ठेवलं ते सांगायची काय गरज? छायाची पाठ बघितलीय मी.”

“काढतो,” तो म्हणाला. “मग तू सही करशील? याहून चांगलं मांडता आलं नसतं म्हणून?”

मी पेन घेऊन बसले. खाली ते ठरलेलं वाक्य छापलेलं होतं. दोन वर्षं मी त्याला मनातल्या मनात किती भाषणं ठोकली असतील! आंघोळ करताना, भाकऱ्या थापताना, पेट्या साफ करताना. त्यातल्या एकाही भाषणात मला नेमकं काय हवंय ते मी असं तीन ओळींत सांगितलं नव्हतं. ते वाक्य काढलं की माझं म्हणणंच उरत नव्हतं.

“नाही करता येणार,” मी म्हटलं.

“तेच तर.”

मी वाक्य राहू दिलं आणि सही केली. सरकारी कागदात ‘आक्काच्या पेटीत’ असं लिहीत नाहीत, ‘श्रीमती रजनी उतेकर यांच्या पेटीत’ असं लिहितात, हे एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईला कळत नाही असं नाही. तेही तसंच राहू दिलं. मग उतू गेलेल्या चहातला जेवढा राहिला होता तेवढा दोन कपांत ओतला.

सुनावणी महिनाअखेरीला साताऱ्यात झाली. सर्जेराव त्याच्या संघाच्या रांगेत आणि मी आमच्या. गेनूकाका माझ्यावर रुसले होते, तरी शेजारी बसले होते. मंडळाच्या अध्यक्ष बाई चष्म्यातून बघत सगळे पूर्वपक्ष स्वतः मोठ्यानं वाचत होत्या. आमचं खोरं आलं. त्यांनी सर्जेरावचं पहिलं पान वाचायला घेतलं. मध्येच थांबल्या आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

“इथं एक शंका आहे. ‘आक्काच्या पेटीत’ असं लिहिलंय. संपूर्ण नाव नाही. ही आक्का कोण?”

सर्जेराव उठायला लागला. मी त्याच्या आधी उभी राहिले.

“मी,” म्हटलं. “त्याची थोरली बहीण.”